झरा आधी, चक्की नंतर

वाचक विचारतात

गेल्या अंकात मी झऱ्याच्या पाण्यावर चालणाऱ्या जुन्या चक्क्यांबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या. त्यानंतर आलेल्या पत्रांपैकी बहुतेकांत एकच गोष्ट विचारली आहे: एका दिवसाच्या सहलीत झरे आणि पाणचक्क्या दोन्ही नीट बघायचं कसं? माझी सगळी नोकरी भूजल मोजण्यात गेली. त्यामुळे माझं बोलणं पाण्याकडून सुरू होतं, आणि या विषयात ते तिथूनच सुरू व्हावं असं मला मनापासून वाटतं. चक्की लाकडाची आणि दगडाची दिसते, पण तिचं चाक केवढं, खड्डा किती खोल, दगड किती जड, हे सारं झऱ्याने ठरवलेलं असतं.

आम्ही काही मित्र मिळून दोन झरे आणि तीन जुन्या पाणचक्क्या एका दिवसात बघायचा बेत करतो आहोत. क्रम कसा ठेवावा? नुसते फोटो काढून परतायचं नाही.
— निवृत्त बँक कर्मचारी

तीनपैकी एक चक्की वगळा. दोनही पुष्कळ होतील, कारण दिवसाचा मोठा भाग चक्कीच्या आत नाही, चक्कीपर्यंतच्या पाटावर जायला हवा.

क्रम पाण्याचाच ठेवा. सकाळी उगमापाशी पोहोचा, तिथून पाटाच्या कडेने खाली या आणि दुपारच्या सुमाराला चक्कीत शिरा. बहुतेक जण उलट करतात. गाडी चक्कीच्या दाराशी लावतात, चाक फिरताना बघतात, आणि झरा 'वेळ उरला तर' म्हणून मागे पडतो. उगमापासून चालत आलात तर चाक याच जागी, याच उंचीवर आणि एवढंच का, हे कुणी न सांगता समजतं.

पाटाने चालताना शेजारच्या ओढ्याकडे लक्ष ठेवा. सुरुवातीला पाट आणि ओढा जवळजवळ एकाच पातळीवर असतात. ओढा आपल्या उताराने खाली जात राहतो. पाट मात्र डोंगराच्या अंगाने वळणं घेत, जेमतेम उतार ठेवून, आपली उंची धरून राहतो. पाचशे पावलांवर ओढा तुमच्या गुडघ्याखाली गेलेला असेल, आणखी पुढे डोक्याइतका खाली. दोघांमध्ये पडत गेलेलं हे अंतर म्हणजेच चक्कीची ताकद. पाट खोदणाऱ्या माणसाने एक हात उंची वाया घालवली तर ती चाकापाशी परत मिळत नाही. म्हणून जुन्या पाटाची वळणं बघताना मला नेहमी त्या माणसाबद्दल आदर वाटतो. पातळी धरायला त्याच्याजवळ वाहतं पाणीच होतं, आणि त्याने तेवढ्यावर काम नेमकं केलं.

वाटेत सांडवा शोधा. पाटाच्या ओढ्याकडच्या काठावर, जरा खालच्या पातळीचा दगडी भाग दिसेल. पूर आला की जास्तीचं पाणी तिथून ओढ्यात पडतं आणि चक्की वाचते. पुढे कचरा अडवणारी जाळी, मग झडप. काही ठिकाणी त्याआधी एक लहान तळं असतं. तळं दिसलं की झरा लहान आहे असं समजा. रात्रभर पाणी साठवायचं आणि दिवसा काही तास दळायचं, यासाठी ते बांधलेलं असतं. मोठ्या, बारमाही झऱ्यावरच्या चक्कीला अशा तळ्याची गरज क्वचितच पडते.

चक्कीतून बाहेर पडलेलं पाणी कुठे जातं हेही बघा. ते ओढ्याला परत मिळतं, थेंबभरही कमी न होता. म्हणूनच एका झऱ्याखाली चक्क्यांची रांग उभी राहू शकते. फ्रान्समध्ये आर्ल शहराजवळ बार्बेगाल इथे रोमन काळात, इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात, डोंगरउतारावर १६ चाकं होती. आठ-आठच्या दोन रांगा, वरच्या चाकाचं पाणी खालच्या चाकावर. पाणी आल्पिय नावाच्या जवळच्या छोट्या डोंगररांगेतल्या झऱ्यांचं, चुन्याने भरलेलं. लाकडी भागांवर बसलेले चुन्याचे थर शिल्लक राहिले. त्यांच्या अभ्यासातून उन्हाळ्याच्या अखेरीपासून शरदापर्यंत या चक्क्या बऱ्याचदा बंद राहत असाव्यात, असं दिसून आलं आहे. लाकूड केव्हाच कुजून गेलं, पण झऱ्याच्या पाण्याने त्याचं कामाचं वेळापत्रक नोंदवून ठेवलं. माझ्या विषयातली ही मला सर्वांत आवडणारी गोष्ट आहे.

दिवस निवडताना पाऊस थांबून बरेच दिवस झालेला काळ घ्या. मोठ्या पावसानंतर सगळेच ओढे भरून वाहतात, तेव्हा झरा कोणता आणि नुसतं वाहून आलेलं पाणी कोणतं, हे ओळखता येत नाही. कोरड्या दिवसांत जे वाहतं, ते झऱ्याचं.

पाऊस थांबून महिने लोटले तरी खडकातून पाणी येतच राहतं. ते आत असतं कुठे? मुलं विचारतात तेव्हा 'जमिनीखाली नदी असते' असं मी सांगते. ते बरोबर आहे का?
— शाळेतील शिक्षिका

काही ठिकाणी बरोबर आहे, बहुतेक ठिकाणी नाही.

खडकात पाणी मावतं ते त्यातल्या फटींत, भेगांत आणि बारीक पोकळ्यांत. पावसाचं पाणी या जागांतून खाली मुरत जातं, तोवर जोवर त्याला न पाझरणारा थर लागत नाही. तो थर लागला की पाणी त्याच्यावरून आडवं सरकू लागतं. डोंगराच्या उताराने तो थर जिथे उघडा पडला असेल, तिथे ते बाहेर येतं. सह्याद्रीत हे फार स्वच्छ दिसतं. इथला बेसाल्ट लाव्हाच्या एकावर एक पसरलेल्या थरांनी बनलेला आहे. त्यातल्या सच्छिद्र किंवा भेगाळलेल्या भागांतून पाणी खाली जातं आणि भेगा नसलेल्या घट्ट भागावर अडतं. म्हणून एकाच डोंगरावर झरे साधारण एकाच उंचीवर ओळीने सापडतात. मुलांना नकाशावर झऱ्यांच्या जागा टिंबांनी दाखवायला सांगा आणि ती टिंबं जोडायला लावा. जी रेघ येईल ती दोन खडकांची शिवण. याहून चांगला भूगोलाचा तास मला माहीत नाही.

पाणी महिनोन् महिने येत राहतं, कारण आतला प्रवास अतिशय सावकाश होतो. वाळूतून पाणी किती वेगाने झिरपतं याचा नियम ऑन्री दार्सी या फ्रेंच अभियंत्याने १८५६ साली प्रसिद्ध केला, आणि भूजलाचं सगळं गणित आजही त्यावर उभं आहे. मला महत्त्वाचं वाटतं ते याच्या आधीचं. रोझ्वार नावाच्या झऱ्याचं पाणी १२.७ किलोमीटर लांबीच्या बंदिस्त पाटाने आपल्या दिजाँ शहरात आणण्याचं काम त्याने १८४० साली पुरं केलं होतं. म्हणजे झऱ्याचं पाणी लोकांच्या दारात पोहोचवलेल्या माणसाने तो नियम शोधला.

तुमची 'जमिनीखालची नदी' खरी ठरते ती चुनखडीच्या प्रदेशात. पाण्यात किंचित विरघळलेला कार्बन डायऑक्साइड चुनखडी विरघळवतो, भेगांची भुयारं होतात आणि पाणी खरोखरच वाहू लागतं. फ्रान्समधला व्होक्लूजचा झरा याचं मोठं उदाहरण. एका कड्याच्या पायथ्याशी असलेल्या कुंडातून तो वर येतो. वर्षाची सरासरी काढली तर सेकंदाला सुमारे २० घनमीटर पाणी, म्हणजे दर सेकंदाला वीस हजार लिटर. १९८५ साली एका यंत्रमानवाने त्यात ३०८ मीटर खोलीवर तळ गाठला. त्या पाण्याच्या जोरावर खालच्या खोऱ्यात कागदाच्या गिरण्या चालत.

मुलांना तापमापक जरूर द्या. साधारण दहा मीटर खोलीवर जमिनीचं तापमान वर्षभर जवळजवळ स्थिर राहतं आणि ते त्या जागेच्या हवेच्या वार्षिक सरासरीच्या आसपास असतं. तिथून येणाऱ्या झऱ्याचं पाणी म्हणूनच थंडीत कोमट आणि उन्हाळ्यात गार लागतं; बदलत असते ती हवा. जर्मनीतल्या ब्लाउटोप्फ या निळ्या झऱ्याचं पाणी बाराही महिने ९ अंश सेल्सिअसच्या जवळ असतं, आणि त्याच्या काठालाच लोहाराचा घण चालवणारं पाणचाक आहे. कडाक्याच्या थंडीत ओढे गोठतात त्या मुलखात झऱ्याशेजारी चाक बसवण्याचा फायदा तुमच्या लक्षात येईल. पाणी सरासरीपेक्षा बरंच गरम लागलं, तर ते खोलवर जाऊन आलं आहे. दर किलोमीटरला खडकाचं तापमान साधारण २५ ते ३० अंशांनी वाढतं. इंग्लंडमधल्या बाथ शहरातला झरा ४६ अंशांचा आहे. त्याचं पाणी किती खोल जाऊन आलं असेल याचा ढोबळ अंदाज मुलं स्वतः काढू शकतील.

मी अभियांत्रिकीचा विद्यार्थी आहे. चक्कीची ताकद जागेवर मोजता येईल का? उपकरणं काही नाहीत.

येईल. मोजपट्टी, घड्याळ आणि एक वाळकं पान पुरे.

झरा पन्हळीतून पडत असेल तर बादली लावा. दहा लिटरची बादली चार सेकंदांत भरली तर सेकंदाला अडीच लिटर. मी आयुष्यभर महागडी यंत्रं वापरली, तरी लहान झऱ्याला बादलीइतकं खरं उत्तर दुसऱ्या कशाने मिळत नाही. मोजणी तीनदा करा आणि सरासरी घ्या.

पाटावर पानाची रीत वापरा. सरळ, एकसारख्या रुंदीचा पाच मीटरचा तुकडा निवडा. समजा पाट ६० सेंटिमीटर रुंद आणि पाणी २० सेंटिमीटर खोल आहे, आणि पान पाच मीटर जायला १० सेकंद घेतं. पृष्ठभागाचा वेग सेकंदाला अर्धा मीटर झाला. तळाशी आणि कडांना पाणी रेंगाळतं, म्हणून सुमारे ०.८ ने गुणा, ०.४ मीटर. आता ०.६ गुणिले ०.२ गुणिले ०.४ म्हणजे ०.०४८ घनमीटर, अर्थात सेकंदाला ४८ लिटर.

पाण्याला किती उंचीची पडझेप मिळते ते मोजा. चार मीटर मिळत असेल तर ९.८१ (हा गुरुत्वाकर्षणाचा आकडा) गुणिले ४८ गुणिले ४, साधारण १,९०० वॉट. चाकात, आसाच्या घर्षणात, दातेरी चाकांत निम्मी ताकद गेली असं धरलं तरी हाताशी ९०० वॉटच्या वर उरतात, म्हणजे एक अश्वशक्तीहून थोडं जास्त. सतत काम करणारा माणूस ७५ वॉटच्या आसपास देऊ शकतो. एवढासा पाट बारा माणसांचं दळण न थकता दळत होता.

ही संख्या वहीत लिहून मगच चक्कीत शिरा. आत दगडाचा व्यास बघाल तेव्हा त्याचा आकार मनात जुळेल.

चाकं किती प्रकारची असतात? आणि जिथे चाकच उरलेलं नाही, नुसते पडके दगड आहेत, तिथे काय ओळखायचं?
— किल्ले आणि जुन्या वास्तू बघत फिरणारी वाचक

पहिला भेद आडव्या आणि उभ्या चाकाचा. आडवं चाक जमिनीला समांतर फिरतं, त्याचा दांडा सरळ वर जातो आणि वरचा दगड थेट त्यालाच जोडलेला असतो. मधे दातेरी चाकं नाहीत. चाकाचा एक फेरा म्हणजे दगडाचा एक फेरा. थोडं पाणी आणि तीव्र उतार असलेल्या डोंगरी मुलखाला हे शोभतं. हिमालयातले घराट याच जातीचे. पोखरलेल्या लाकडी पन्हळीतून पाणी जोरात पात्यांवर आदळतं आणि वर एका छोट्या खोलीत दळण चालतं.

छत्रपती संभाजीनगरची पाणचक्की बघितली असेल तर तिथेही चाक आडवंच आहे. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारातली ही अठराव्या शतकातली चक्की. तिची खरी करामत दूरवर आहे. डोंगराकडचं पाणी काही किलोमीटर मातीच्या बंद नळांतून आणलेलं आहे. बंद नळातलं पाणी दरीत उतरलं तरी पलीकडे आपल्या मूळ पातळीच्या जवळपास पुन्हा चढतं. त्या आधारावर ते उंच बांधकामात चढवलं आणि तिथून खाली सोडलं. तिथे जाणारे लोक हौदाचे फोटो काढतात. मी म्हणेन, तो उंच भाग बघा आणि पाणी एवढं वर आलं कसं, याचा विचार करत पाच मिनिटं तिथेच थांबा.

उभं चाक आपल्या ओळखीचं. रोमन अभियंता व्हिट्रुव्हियसने इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात त्याचं वर्णन केलं आहे, दातेरी चाकांसह. त्यात पाणी चाकाला कुठे लागतं त्यावरून प्रकार पडतात: खालून धक्का देणारं, मध्यावर लागणारं, किंवा वरून कप्प्यांत पडणारं. वरून पडणाऱ्या चाकाला पाण्याचा वेग नाही, पाण्याचं वजन फिरवतं. इंग्लिश अभियंता जॉन स्मीटनने लहान नमुन्यांवर प्रयोग करून १७५९ साली लंडनच्या रॉयल सोसायटी या विज्ञानसंस्थेपुढे दाखवून दिलं की वरून भरणारं चाक खालून ढकललं जाणाऱ्या चाकाच्या सुमारे दुप्पट काम काढतं. पहिलं उपलब्ध ताकदीच्या दोनतृतीयांशापर्यंत, दुसरं जेमतेम एकतृतीयांश. त्याला त्याच वर्षी त्या संस्थेचं कोप्ली पदक मिळालं. पाणी कमी आणि उंची जास्त असेल तिथे वरून भरणारं चाक. नदीकाठी पाणी रग्गड आणि उंची नाही, तिथे खालचं.

आता पडक्या जागेबद्दल. मला अशा जागा चालू चक्कीइतक्याच आवडतात, कारण तिथे सगळं आपल्याला वाचून काढावं लागतं. भिंतीला समांतर असलेला खोल, अरुंद खड्डा शोधा. ती चाकाची जागा. खड्ड्याच्या भिंतीवर कमानीसारख्या झिजलेल्या रेघा दिसल्या तर त्या डगमगणाऱ्या चाकाने घासून काढलेल्या असतात. त्या कमानीवरून चाकाचा व्यास काढता येतो. आसाचं भोक किती उंचीवर आहे ते बघा. मग मागे डोंगराच्या अंगावर नजर टाका. बुजलेला पाट झाडीतही ओळखू येतो, कारण डोंगरात इतकी लांब, जवळजवळ सपाट रेघ आपोआप उमटत नाही. पाटाचा शेवट खड्ड्याच्या वर येत असेल तर चाक वरून भरणारं. खड्ड्याच्या तळाजवळ येत असेल तर खालचं. आणि जवळपासच्या घरांचे उंबरे, पायऱ्या बघा. मध्ये भोक असलेला गोल दगड बहुतेक वेळा तिथे सापडतो. त्या खड्ड्यांत उतरू नका. कडा पोकळ असतात.

दळणाच्या दगडांवर एवढी नक्षी का काढतात?
— गृहिणी

ती नक्षी नाही, तोच त्या यंत्राचा गाभा आहे. घरच्या जात्याला टाकी लावताना तुम्ही बघितलं असेल. तत्त्व तेच, फक्त इथे हात मोठा आणि खाचा आखीव.

खालचा दगड पक्का, वरचा फिरता. दोन्हींवर मध्यापासून काठाकडे तिरप्या खाचा असतात. वरचा दगड पालथा घातला की दोन्हींच्या खाचा एकमेकींना छेदतात आणि दगड फिरताना ते छेद कात्रीच्या पात्यांप्रमाणे बाहेर सरकत जातात. दाणा मध्ये पडतो, कापला जातो, भरड होते, भरडीचं पीठ होतं, आणि खाचांतूनच ते काठाकडे ढकललं जातं. खाचांतून हवाही खेळते, नाहीतर पीठ तापून करपेल. दोन दगडांमधली फट मध्याशी जास्त आणि काठाशी कागदाइतकी. दगड एकमेकांना कधीच टेकत नाहीत. टेकले तर ठिणग्या उडतात, आणि पिठाच्या धुरळ्यात ठिणगी म्हणजे आग.

म्हणून दाणे मध्येच संपणं हा चक्कीतला सर्वांत मोठा धोका. त्यावर जुन्या लोकांनी सुंदर उपाय काढला होता. दाणे वैरायच्या निमुळत्या पेटीत एक पट्टा धान्याखाली दाबलेला असायचा आणि त्याच्या टोकाला घंटा. धान्य कमी झालं की पट्टा सुटे आणि घंटा वाजे. घराटात आणखी साधी सोय असते. दाण्यांच्या पन्हळीला बांधलेली काठी फिरत्या दगडावर टेकवून ठेवतात. दगड जितक्या वेगाने फिरेल तितकी काठी थरथरते आणि तितकेच दाणे पडतात. पाणी वाढलं की दाणे आपोआप वाढतात, पाणी कमी झालं की कमी. ती टकटक ऐकत मी एका घराटात बराच वेळ बसले होते. चालवणारे आजोबा दुसरंच काही काम करत होते आणि टकटकीची लय जराशी बदलली की मान न वळवता पाण्याची फळी सारत होते. झऱ्यापासून दाण्यापर्यंत एकच धागा मी इतक्या उघडपणे दुसरीकडे पाहिलेला नाही.

चक्कीत बाजूला उभे करून ठेवलेले दगड असतील तर बोटं फिरवून बघा. काही दगड अखंड नसतात, तुकडे जोडून त्यांना लोखंडी पट्ट्या ठोकलेल्या असतात. फ्रान्समधल्या ला फेर्ते-सू-झ्वार इथला गारगोटीच्या जातीचा कठीण दगड असा तुकड्यांनी देशोदेशी जात असे, कारण त्यातून दळणात कच फार कमी येई.

झऱ्याचं पाणी प्यायलं तर चालेल ना? एवढं नितळ असतं!
— महाविद्यालयीन विद्यार्थी

नाही. तपासलेलं आहे असा ताजा फलक नसेल तर पिऊ नका. नितळपणाचा आणि जंतूंचा काही संबंध नाही. चुनखडीतल्या झऱ्यांबद्दल तर विशेष सांभाळा. तिथे पाणी भुयारांतून काही दिवसांत, कधी काही तासांत, वरच्या कुरणांवरून थेट खाली येतं, गाळलं जायला त्याला वेळच मिळत नाही. पावसानंतर झरा गढूळ होत असेल तर ती अशा झऱ्याची खूण आहे. सोबत आपलं पाणी घ्या, किंवा उकळी फुटल्यावर किमान एक मिनिट खळखळू देऊन मगच प्या. आणि तुम्हीही झऱ्यात साबण लावू नका, खाण्याचे डबे विसळू नका. खाली कुणीतरी ते पाणी भरत असतं.

आमच्याकडच्या एका जुन्या झऱ्याचं पाणी दरवर्षी घटतं आहे. काही तरुण उगमाचं तोंड मोठं करायला निघालेत. तुमचं मत?
— ग्रामपंचायत सदस्य

त्यांना आजच थांबवा, सुरुंगाचा विचार असेल तर हात जोडून थांबवा. तोंड मोठं केल्याने आतलं पाणी वाढत नाही. न पाझरणारा थर फुटला तर पाणी खोल निघून जातं आणि झरा कायमचा हरवतो.

झऱ्याचं दुखणं झऱ्यापाशी नसतं, ते वर असतं, जिथे पावसाचं पाणी मुरतं त्या जागेत. ती जागा शोधा. खडकाचे थर कोणत्या बाजूला कललेत त्यावर ते ठरतं, त्यामुळे ती कधी कधी डोंगराच्या दुसऱ्या अंगालाही असते. तिथे रस्ता झाला का, माती वाहून गेली का, झाडोरा गेला का, त्याच थरात नवीन विंधनविहिरी पडल्या का, हे एकेक तपासा. एखाद्या भूजल जाणकाराला सोबत घ्या. सिक्कीममध्ये २००८ पासून 'धारा विकास' या सरकारी कार्यक्रमात नेमकं हेच केलं: मुरण्याची जागा ओळखून तिथे समपातळीत चर खोदले, पावसाचं पाणी अडवून जिरवलं, आणि बऱ्याच झऱ्यांचं कोरड्या महिन्यांतलं पाणी वाढलं. नीती आयोगाच्या २०१८ च्या अहवालानुसार हिमालयातले निम्म्याच्या आसपास झरे आटण्याच्या वाटेवर आहेत. तेव्हा हे काम एका गावाचं नाही.

आणि आजपासून महिन्याला एकदा, ठरलेल्या तारखेला, बादली लावून मोजणी सुरू करा. वर लिहिलेली रीत पुरेशी आहे. नोंद नसलेल्या झऱ्याबद्दल प्रत्येक जण आठवणीवर भांडतो. दोन वर्षांचे आकडे हातात असले की तुम्हाला आणि तज्ज्ञाला दोघांनाही बोलता येतं.

वडिलांना आता कमी दिसतं, चालणंही थोडंच जमतं. त्यांना सहलीला न्यावं का? की त्यांना कंटाळा येईल?
— मुंबईबाहेर राहणारी मुलगी

जरूर न्या. चक्की ही ऐकायची आणि हाताने समजून घ्यायची जागा आहे.

फक्त क्रम त्यांच्यासाठी बदला. लांबचा पाट सोडून द्या, रस्त्याच्या जवळचा झरा निवडा आणि त्यांचा हात पाण्यात धरू द्या. मगच हवेशी तुलना करायला सांगा. चक्कीत आधी फोन करून दोन गोष्टी विचारा: दगड खरोखर दळणार आहेत का, आणि किती वाजता. बऱ्याच जतन केलेल्या चक्क्यांत नुसतं चाक फिरवून दाखवतात, दगड स्वस्थ असतात. काही ठिकाणी तर चाकामागे विजेची मोटर असते. तशा जागी त्यांना नेऊ नका. पाण्याने फिरणारी आणि दळणारी चक्की शोधायला एखादा फोन जास्त करावा लागला तरी करा.

दळण सुरू व्हायच्या थोडं आधी पोहोचा, म्हणजे झडप उघडल्याचा आवाज, मग पाणी कप्प्यांत भरण्याचा, मग आसाचा, मग दातेरी चाकांचा आणि शेवटी दगडांचा, असे आवाज एकामागून एक येताना त्यांना ओळखता येतील. भिंतीला हात लावायला सांगा, थरथर कळते. पीठ बाहेर पडतं तिथे चालवणाऱ्याला विचारून चिमूटभर बोटांत घेऊ द्या. ते किंचित कोमट असतं. त्यांना दम्याचा त्रास असेल तर आत फार वेळ थांबू नका, धुरळा असतो. सैल उपरणं किंवा ओढणी आत नकोच, फिरत्या आसाला अडकते. चाकाकडच्या पायऱ्या शेवाळाने निसरड्या असतात, तिकडे त्यांना नेऊ नका. दळणाच्या खोलीत दाराजवळ एक खुर्ची मिळेल का, हेही त्याच फोनमध्ये विचारून घ्या.